एक नोंद, दोन फांद्या

नमस्कार. ठाण्यातल्या तलावांच्या नोंदी कशात ठेवायच्या, हा प्रश्न गेल्या बैठकीत निघाला आणि आपण मला बोलायला सांगितलंत. मी ऐरोलीला यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. बारा वर्षं ऑर्ग-मोड हा संगणकावर नोंदी ठेवायचा आउटलायनर वापरते आहे, त्यामुळे माझा ओढा कुठे आहे ते आधीच सांगून टाकते.

शिक्षक तासाआधी टाचण काढतात, मुद्दा आणि त्याखाली पोटमुद्दे. आउटलायनर म्हणजे घडी घालता येणारं टाचण. पोटमुद्दे मिटले की नुसती शीर्षकं उरतात; शीर्षक हलवलं की त्याखालचं सगळं त्याच्याबरोबर जातं. संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रात्यक्षिक दिलं, त्यात बाजारहाटाची यादी अशीच गटवार लावून, मिटवून-उघडून दाखवली होती. म्हणजे कल्पना जुनी आहे. फरक पडतो तो प्रत्येक साधन नोंद कशी साठवतं यात.

आपलंच उदाहरण घेऊ. कोपिनेश्वर मंदिर मासुंदा तलावाकाठी आहे. त्याची नोंद ‘तलाव’ या फांदीवर लावायची की ‘मंदिरं’ या फांदीवर? मी ऑर्गमध्ये ती एकीकडे लिहिली आणि तिची नक्कल दुसरीकडे डकवली. महिन्याभराने एकीत दुरुस्ती केली, दुसरी तशीच राहिली. आता खरी कुठली, हे माझं मलाच कळेना.

त्याच सुमारास मी आठवडाभर एडवर्ड रीम यांनी बनवलेला लिओ हा संपादक, म्हणजे मजकूर लिहायचा एडिटर, वापरला. नुसता उघडून पाहिला नाही, याच नोंदी त्यात भरल्या. लिओत क्लोन असतो. क्लोन ही नक्कल नव्हे. तीच नोंद दोन फांद्यांवर दिसते. एकीकडे शब्द बदलला की दुसरीकडेही बदललेला. मला फार आनंद झाला, आणि इतकी वर्षं डकवत बसल्याचं वाईटही वाटलं.

मग ऑर्गमध्ये हे का नाही? कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ऑर्ग सुरू केलं ते साध्या मजकुराच्या पायावर. ओळीच्या सुरुवातीला तारा (*), की झालं शीर्षक. फाइल वरून खाली वाचायची. जी ओळ जिथे आहे, तिथेच ती आहे. लिओच्या एक्सएमएल फाइलमध्ये शीर्षकांचं झाड एका भागात असतं आणि मजकूर दुसऱ्या भागात. म्हणून दोन शीर्षकं एकाच मजकुराकडे बोट दाखवू शकतात. पण तीच फाइल साध्या संपादकात उघडलीत, तर कुठला मजकूर कुठल्या शीर्षकाचा, हे शोधत बसावं लागतं. ऑर्गची फाइल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही संपादकात वाचता येते. आपल्या नोंदी पुढच्या पिढीच्या हाती पडायच्या आहेत. माझ्या लेखी हा गुण फार मोठा आहे.

तेव्हा क्लोन जसाच्या तसा ऑर्गमध्ये आणण्याचा हट्ट मी सोडला. क्लोन कुठली गरज भागवतो, ते पाहिलं. एक नोंद दोन बाजूंनी दिसावी, एवढीच ती गरज. ऑर्गमध्ये टॅग आहेत. कोपिनेश्वराची नोंद मासुंदाखालीच ठेवायची आणि तिला ‘मंदिर’ हा टॅग लावायचा. अजेंडा हा ऑर्गचा भाग सगळ्या फाइलींतल्या त्या टॅगच्या नोंदी एका यादीत आणतो आणि एंटर दाबलं की मूळ जागी नेतो. हे माझ्या हाताशी पहिल्यापासून होतं. मी टॅग फक्त कामांच्या मुदतींसाठी वापरत होते. ते दाखवून दिलं लिओने.

वर्कफ्लोई या तिसऱ्या आउटलायनरबद्दल थोडक्यात. फोनवर नोंद करायला त्याच्याइतकं सोपं मला दुसरं सापडलं नाही, आणि कुठलाही मुद्दा स्वतंत्र पानासारखा उघडतो. तलावाकाठी उभं राहून टिपायचं असेल, तर खुशाल ते वापरा.

एक कमतरता मात्र टॅगने भरून निघत नाही. मंदिरं आपल्याला हव्या त्या क्रमाने, हाताने लावायची असली, तर अजेंड्याच्या यादीत तो क्रम टिकत नाही, लिओत टिकतो. जेल तलावाचंही तसंच. तो तलावांत हवा आणि ठाण्याच्या किल्ल्याच्या गोष्टीतही, तिथे नेमक्या जागी हवा. त्या गोष्टीची मांडणी मी अजून लिओतच करते.