सगळ्यात जवळचं स्टेशन

[दृश्य : शांघाय मेट्रोचा डबा. दारावरच्या पट्टीवर स्टेशनांचे दिवे एकेक करून सरकताहेत. उद्घोषणा आधी चिनीत, मग इंग्रजीत.]

‘श्या यी चान, रन-मिन क्वांग-छांग.’ आणि लगेच, ‘द नेक्स्ट स्टेशन इज पीपल्स स्क्वेअर.’

डब्यात कुणीही मान वर केली नाही. सगळ्यांच्या माना फोनात. रोज ऐकून ऐकून ही वाक्यं रुळांच्या खडखडाटात मिसळून गेलीत. आपण मात्र त्यातला एक शब्द उचलून घेऊ. नेक्स्ट. पुढचं.

[दृश्य : स्थानकाचे जिने, गर्दी. भिंतीवरचा नकाशा, त्यावर बोट फिरवणारा एक तरुण.]

इथे १, २ आणि ८ क्रमांकाचे मार्ग एकत्र येतात. जिन्यानं वर आलं, रस्त्यावर उभं राहिलं, की ‘पुढचं’ स्टेशन काही कामाचं नसतं. रस्त्यावरच्या माणसाला हवं असतं जवळचं. सगळ्यात जवळचं. इंग्रजीत, निअरेस्ट. डब्यात नेक्स्ट, रस्त्यावर निअरेस्ट. चिनी बोलणाऱ्या माणसाला यातला दुसरा शब्द का अडतो, ते बघायला आम्ही वर आलो.

[दृश्य : पीपल्स पार्क. उघडून जमिनीवर ठेवलेल्या छत्र्यांची रांग, प्रत्येक छत्रीवर चिकटवलेला कागद.]

हे पीपल्स पार्क. एके काळी इथे परदेशी साहेबांचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं. आता शनिवार-रविवारी आईवडील इथे मुलामुलींची लग्नं जमवायला येतात. छत्रीवरच्या कागदावर जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार. त्यावर वेगळा माहितीपट होईल. आपण छत्र्या ओलांडून पुढे जाऊ.

[दृश्य : झाडाखाली घोळका. वेगवेगळ्या वयाची माणसं, हातवारे. मध्यभागी पांढऱ्या केसांच्या बाई, हातात छोटा फळा.]

हा इंग्लिश कॉर्नर. फी नाही, हजेरी नाही. रविवारी यायचं आणि जे जमेल ते इंग्रजी बोलायचं. मध्ये उभ्या आहेत त्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना लाओशी म्हणतात, आपण बाई म्हणू.

[दृश्य : तरुण बाईंशी बोलतो आहे. दोघांचे चेहरे.]

या मुलानं विचारलं, ‘व्हेअर इज मोस्ट निअरेस्ट सबवे फ्रॉम हिअर?’ घोळक्यातून दोघे-तिघे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चूक सुधारलीही नाही. त्या म्हणाल्या, आधी हेच चिनीत म्हण.

[दृश्य : मुलगा थोडा गोंधळतो. मग बोलतो.]

‘ली चर् त्स्वेई-चिन त ती-थ्ये चान त्साय नार?’

बाईंनी हे वाक्य फळ्यावर तुकड्या-तुकड्यांनी मांडलं. आम्ही ते मराठीत मांडतो. इथून – सगळ्यात जवळचं – मेट्रो स्टेशन – आहे कुठे. बघा, आपला आणि त्यांचा शब्दक्रम जवळजवळ एकच. आधी कुठून ते सांगायचं, मग सगळ्यात, मग जवळचं, आणि वस्तू त्यानंतर. इंग्रजी हे सगळं उलटंपालटं करते.

[दृश्य : फळा जवळून. दोन चिनी अक्षरं, एकाखाली एक.]

त्स्वेई म्हणजे सगळ्यात. चिन म्हणजे जवळ. उच्चाराचं म्हणाल तर त्स्वेईतला पहिला आवाज आपल्या चाकातला च, आणि चिनमधला साधारण चारमधला च. चिंच उलटी म्हटल्यासारखा शब्द आहे. चिनी मुलाला हे दोन आवाज वेगळे काढणं पाळण्यातच येतं.

त्याला न येणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या भाषेत शब्दाला शेपूट लागत नाही. जवळ हा जवळच राहतो. जास्त जवळ म्हणायचं तर अलीकडे एक शब्द ठेवा, सगळ्यात जवळ म्हणायचं तर दुसरा. चिन मात्र तसाच्या तसा. इंग्रजीत निअरला शेपूट लावून निअरेस्ट करावं लागतं. मग हा मुलगा त्स्वेईचं भाषांतर म्हणून आधी मोस्ट ठेवतो, वर पुस्तकात वाचलेलं शेपूटही लावतो. मोस्ट निअरेस्ट. दोनदा सगळ्यात. आपण सर्वश्रेष्ठ म्हणतो तेव्हा दुसरं काय करतो?

[दृश्य : मुलाच्या ओठांचा क्लोजअप. ‘निअरेस’, ‘निअरेस्ते’, पुन्हा ‘निअरेस’.]

आणि शेपूट लावलं तरी ते तोंडातून बाहेर पडत नाही. प्रमाण चिनीत अक्षराचा शेवट स्वरावर होतो, नाहीतर न, ङ किंवा र् वर. स्ट असा जोडगोळीचा शेवट तिथे नाहीच. मग ट गळतो, नाहीतर त्याला टेकू म्हणून एक स्वर येतो. बाईंनी त्याला दहा वेळा म्हणायला लावलं. आम्ही तिन्ही ठेवलेत, बाकीचे कापले.

[दृश्य : दगडी कट्टा. बाई चहाचे तीन थर्मास वेगवेगळ्या अंतरावर मांडतात. मुलाला एका टोकाला बसवतात.]

हा भाग आम्ही पूर्ण दाखवणार आहोत, कारण असं शिकवणं क्वचित बघायला मिळतं. तीन थर्मास. बाई पहिल्यावर हात ठेवतात. मुलगा म्हणतो, निअर. त्याहून अलीकडचा, निअरर. अगदी मांडीला लागून असलेला, द निअरेस्ट. ‘द’वर बाई टाळी वाजवतात. चिनीत ‘द’ नाही, मराठीतही नाही, त्यामुळे तो आपल्याही तोंडून गळतो. बाईंचं म्हणणं, सगळ्यात जवळचा एकच असतो ना, मग त्या एकाकडे बोट दाखव. ते बोट म्हणजे द.

मग त्या मुलाला उठवतात, दुसऱ्या टोकाला बसवतात, आणि पुन्हा विचारतात. आता सगळ्यात लांबचा थर्मास सगळ्यात जवळचा झाला. कुणाला जवळचा? इथे तो पुन्हा ‘फ्रॉम’ म्हणतो. कारण चिनी ‘ली’चा अर्थ ‘-पासून’. आपणही घरापासून जवळ म्हणतो आणि इंग्रजीत फ्रॉम घालून येतो. इंग्रजीत अंतर मोजताना फ्रॉम, जवळीक सांगताना टू. द निअरेस्ट टू मी. बाईंनी मुलाचा हात धरून थर्मासला लावला. टू म्हणजे तिथवर पोचणं.

[दृश्य : घोळका पांगतो. बाई कट्ट्यावर बसून फळा पुसतात, नवं लिहितात.]

घोळक्यातल्या एकीनं मध्येच विचारलं, मग ‘द निअर सुपरमार्केट’ चालेल का? नाही. तिथे निअरबाय म्हणायचं. निअर एकटा दुकानाच्या आधी बसत नाही, निअरेस्ट खुशाल बसतो. असं का, याचं सोपं उत्तर कुणाकडे नाही. बाईंनीही दिलं नाही.

पण एक उत्तर त्यांनी दिलं, आणि त्यासाठीच आम्ही दुसऱ्या रविवारी परत आलो.

[दृश्य : फळ्यावर तीन जुने इंग्रजी शब्द, त्यांच्यामधून बाण.]

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत जवळ म्हणजे नेआह. अधिक जवळ म्हणजे नेआर. सगळ्यात जवळ, नेह्स्ट. म्हणजे आजचा निअर मुळात ‘जवळ’ नव्हताच, ‘अधिक जवळ’ होता. इंग्लंडात उतरलेल्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, लोकांच्या बोलीतही त्याचा जुळा भाऊ होता. दोन्हींच्या घुसळणीत लोक विसरले की निअरमध्ये ‘अधिक’ आधीच आहे. तो साधा जवळ झाला. मग अधिकसाठी नवा निअरर घडवला, सगळ्यात जवळसाठी नवा निअरेस्ट.

आणि जुना नेह्स्ट? तो गेला कुठे?

[दृश्य : पुन्हा मेट्रोचा डबा. ‘द नेक्स्ट स्टेशन इज...’]

तो नेक्स्ट झाला. उद्घोषणेतला. सगळ्यात जवळचं तेच पुढचं, असा त्याचा अर्थ सरकत गेला. जर्मन भाषेत तो अजून सरकून संपलेला नाही. तिथे एकच शब्द दोन्हीला चालतो, त्यामुळे जर्मन माणसाचं ‘पुढचं स्टेशन’ आणि ‘जवळचं स्टेशन’ संदर्भानंच ओळखावं लागतं. इंग्रजीत जुना अर्थ एका जागी टिकला. इस्पितळाच्या फॉर्मवर ‘नेक्स्ट ऑफ किन’ लिहिलेलं असतं, म्हणजे सगळ्यात जवळचा नातलग. परदेशी शिकायला गेलेली मुलं तिथे पेन थांबवून बसतात, ‘पुढचा नातलग’ कोण म्हणून.

मूळ नेआहसुद्धा मेलेला नाही. नाय असा होऊन जुन्या कवितेत राहतो. होय, नाय. आणि नेबरमध्ये राहतो. नेबर म्हणजे जवळ राहणारा. यावर बाईंनी लगेच एक चिनी म्हण ऐकवली. युएन-छिन पू-रू चिन-लिन. लांबच्या नातेवाइकापेक्षा जवळचा शेजारी बरा. त्यातला चिन तोच, फळ्यावरचा.

[दृश्य : काळी पाटी, त्यावर पांढरी अक्षरं : ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, नेदिष्ठ.]

पाणिनीचं फुटेज कुठून आणणार? म्हणून ही पाटी. निअरेस्टचं शेपूट आपल्याकडेही आहे. संस्कृतातला इष्ठ आणि इंग्रजीतला एस्ट एकाच जुन्या कुळातले. आणि अष्टाध्यायीत चक्क सूत्र आहे, पाचव्या अध्यायात, तिसऱ्या पादात. अन्तिक म्हणजे जवळ. त्याला हे शेपूट लावायचं असेल तर अन्तिक निघून जातो आणि जागी नेद येतो. नेदिष्ठ. सगळ्यात जवळचा. मराठीत नेदिष्ठ आला नाही. ज्येष्ठ आणि कनिष्ठ आले, पण त्यांतलं ‘सगळ्यात’ आपल्याला ऐकू येत नाही. म्हणूनच आपण ‘सर्वांत ज्येष्ठ’ म्हणतो. निअरमधला ‘अधिक’ विसरणाऱ्या इंग्रजांना हसायचं कारण नाही. ‘तम’ या शेपटाची गोष्ट तीच. लसावितला ल लघुतमचा आहे हे गणिताच्या पेपरनंतर कुणाला आठवतं?

[दृश्य : बाकावर शाळकरी मुलगा, गणिताची वही. आई शेजारी.]

गणितावरून आठवलं. ‘राउंड टू द निअरेस्ट टेन.’ सगळ्यात जवळच्या दहात सांगा. अडुसष्टचे सत्तर. चिनीत याला स्स-शऽ-वू-रू म्हणतात. चार सोडा, पाच घ्या. अख्खा नियम चार अक्षरांत, आणि त्यात ‘जवळ’ कुठेच नाही. चिनी मुलाला हे गणित झोपेत येतं, इंग्रजीतला प्रश्न कळत नाही.

[दृश्य : दोन आज्या हातात हात घालून चालल्या आहेत. पाठमोऱ्या.]

या दोघी निअरेस्ट नाहीत. या क्लोजेस्ट. मैत्रीला क्लोज लागतो, टपालपेटीला निअर. क्लोज मुळात लॅटिनमधला ‘बंद’, फ्रेंचमार्गे आलेला. दार बंद केल्यावर आत उरतात ती माणसं, असं मी समजतो. व्युत्पत्तीवाले असं म्हणणार नाहीत. निअर माणसांपाशी येतो तो ‘निअरेस्ट अँड डिअरेस्ट’मध्ये, यमकाचा हात धरून. आपलं जिवलग.

[दृश्य : बाई, मुलगा, घोळका. संध्याकाळचं ऊन.]

चीनमध्ये २००१पासून तिसरीपासून इंग्रजी आलं. काओखाओ या विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजीला १५० गुण असतात, आणि निबंधात बहुधा ‘समजा तू ली हुआ आहेस’ असं म्हणून पत्र लिहायला सांगतात. या ली हुआनं इतकी पत्रं लिहिलीत की तो चीनचा सगळ्यात व्यग्र विद्यार्थी असावा. चुकलेल्या निअरेस्टमुळे ली हुआचे गुण जातात, रस्ता चुकतो, फॉर्म परत येतो. असो.

मला सांगायचं आहे ते बाईंच्या पहिल्या वाक्याबद्दल. आधी चिनीत म्हण. मी ज्या शाळेत शिकलो तिथे इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की आठ आणे दंड होता. निअरेस्टला ‘सगळ्यात जवळचं’ म्हणायची सोय नव्हती, मग आम्ही तो पाठ केला, आणि वर्षानुवर्षं पुढे फ्रॉम लावत राहिलो. बाईंसमोरचा हा मुलगा चुकला कुठे ते त्याला दिसलं, कारण त्याची भाषा फळ्यावर शेजारी उभी होती. इंग्रजीच्या वर्गातून चिनी हाकलणारे वर्ग तिथेही खूप आहेत. आम्ही त्यांचं चित्रण केलं नाही.

[दृश्य : मुलगा बाईंशी बोलतो. बाई कपाळाला हात लावतात. दोघे हसतात.]

तरी एक गाठ बाईंनाही सुटली नाही. मुलगा निघताना म्हणाला, ‘रिसेंटली आय विल गो टू बेजिंग.’ अलीकडे मी बेजिंगला जाईन. आता हे कुठून आलं? तेही त्स्वेई-चिनमधूनच. सगळ्यात जवळचं हे अंतराबद्दल, आणि काळाबद्दलही. नुकतंच झालेलं त्स्वेई-चिन. लवकरच होणारं, तेही त्स्वेई-चिन. शब्दकोशात पहिला अर्थ मिळतो ‘रिसेंटली’, मुलगा तोच उचलतो आणि उद्यावर ठेवतो.

[दृश्य : पायवाटेच्या दगडी फरश्या. एक आजोबा, हातात झाडूएवढा लांब कुंचला, शेजारी पाण्याची बादली.]

बागेच्या दुसऱ्या टोकाला हे आजोबा भेटले. शाई नाही, कागद नाही. पाण्यात बुडवलेला कुंचला, आणि फरशी. चीनमधल्या बागांमध्ये सकाळ-संध्याकाळ असे लिहिणारे दिसतात. आम्ही त्यांना सगळ्यात जवळ लिहायला सांगितलं.

[दृश्य : अक्षर जवळून. पाण्याची रेघ उमटते, कडा चमकतात.]

त्स्वेई, १२ फटकाऱ्यांचं अक्षर. घाई नाही. मग चिन, ७ फटकारे. चिनच्या डावीकडे-खाली जी लांब वळणदार रेघ आहे ती चालण्याची खूण. पाऊल टाकलं की जवळ येतं.

[दृश्य : उन्हात अक्षर कडांपासून वाळू लागतं. त्स्वेईचा वरचा भाग गेला. आजोबा बघत उभे.]

आम्ही विचारलं, आजोबा, काय लिहिलंत? त्यांनी फरशीकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

‘त्स्वेई-चिन थ्येन-छी रऽ.’

हल्ली ऊन फार आहे. पाणी टिकत नाही.

[दृश्य : कोरडी फरशी. कुंचला पुन्हा बादलीत.]