रस्ता ओलांडताना सुचलेलं: रॉजर पेनरोज

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात इतके जण याल असं वाटलं नव्हतं, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या हो, पहिली रांग रिकामीच आहे नेहमीसारखी.

तर रॉजर पेनरोज, इंग्लंडचे गणिती. 2020 ला फिजिक्सचं नोबेल मिळालं तेव्हा वय 89, आणि मिळालं कशासाठी तर ब्लॅक होलवरच्या 1965 च्या एका पेपरसाठी, जेमतेम तीन पानांचा. 55 वर्षं! आपल्याकडे पेन्शनची फाईलसुद्धा एवढी अडकत नाही.

शाळेत हा मुलगा गणितात स्लो होता, खालच्या वर्गात बसवलं होतं त्याला, हे ते स्वतःच सांगतात. मग एका सरांनी ठरवलं की याला परीक्षेत वेळेचं बंधन नको, बाकीची पोरं खेळायला जायची, हा पेपर लिहीत बसायचा, आणि मार्क चांगले पडायला लागले. असा एक सर भेटायला नशीब लागतं. आपल्या देवळालीच्या गणितवाल्या कापरेकर सरांच्या वर्गात असता तर बरं झालं असतं त्याचं.

आता मुद्दा. तारा स्वतःच्या वजनाने कोसळला तर शेवटी काय होतं? 1939 ला ओपेनहायमर आणि स्नायडर या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गणित मांडलं होतं, पण तारा अगदी गोल गरगरीत धरून. लोक म्हणायचे, खरा तारा थोडा वाकडातिकडा असणार, मग सगळं एका बिंदूत कशाला जाईल, इकडचं तिकडे निसटेल की. 1964 च्या शरदात पेनरोज लंडनमध्ये एका मित्राशी गप्पा मारत चालले होते, रस्ता ओलांडताना गप्पा थांबल्या, तेवढ्यात काहीतरी सुचलं, पलीकडे गेल्यावर गप्पा पुन्हा सुरू आणि सुचलेलं विसरलं! मित्र गेल्यावर उगाचच खूश वाटायला लागलं, मग सकाळपासून काय काय केलं ते आठवत आठवत त्या रस्त्यापर्यंत आले.

सुचलं काय होतं? नाशिकला गोदेला पूर येतो, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागतं, तेव्हा पुलावरून उडी मारलेला पोरगा उलट्या दिशेने कितीही हात मारू दे, वाहत खालीच जातो ना? तसंच कोसळत्या ताऱ्यात, बाहेरच्या दिशेने सोडलेला प्रकाशसुद्धा पसरायच्या ऐवजी आकसत जातो. प्रकाशाला बाहेर पसरू न देणारा असा पृष्ठभाग एकदा तयार झाला की मग तारा गोल असो नाहीतर बटाट्यासारखा, सुटका नाही. आकडेमोड कमी, भूमिती जास्त.

बाकी मानसन्मान भराभर सांगतो, 1988 ला स्टीफन हॉकिंगसोबत वुल्फ प्राइझ, 1994 ला ‘सर’ हा किताब, 2008 ला कोप्ली मेडल. धाकटा भाऊ जोनाथन दहा वेळा ब्रिटनचा बुद्धिबळ चॅम्पियन, म्हणजे घरात जेवताना काय बोलत असतील देव जाणे.

एक मात्र सांगायचंच होतं. प्रकाश असा आकसत जातो हे दाखवायला जे समीकरण लागतं ना, ते कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींचं, 1955 चं. नोबेल कमिटीच्या टिपणात त्यांचं नाव आहे. रायचौधुरी सर 2005 मध्येच गेले.

चला, प्रश्न विचारा. माईक तिकडे द्या जरा.