आगोट

मे सरत आला की कोकणातल्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नाही. एका कडेला रातांब्याची म्हणजे कोकमाच्या फळांची सालं, मध्ये आंब्याची साठं, कडेकडेने पापड. किनाऱ्यालगतच्या घरांत त्यांच्या जोडीला सोडे, बोंबील, जवळा अशी सुकी मासळी. ही आगोटीची धांदल. पावसाळ्याचं तोंड म्हणजे आगोट, आणि त्याआधी घरात भरायची बेगमी म्हणजेही आगोटच.

आमसुलाला घाई चालत नाही. रातांबा फोडायचा, गर-बिया काढायच्या, साल उन्हात टाकायची, मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवायची आणि पुन्हा उन्हात. काळीभोर होईपर्यंत हेच. मध्येच वळवाची सर आली तर बुरशी. माझी आजी सालं परतताना सारखी आभाळाकडे बघायची. मला वाटायचं, ती आमसुलं करतेय. फार उशिरा कळलं, ती मनात घर मोजत असायची. माणसं किती, बाळंतीण कोण, औषध कोणाला लागतं, आणि ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, पाण्याखाली गेला तर किती दिवस कोणापुढे हात न पसरता निघतील.

पुरुषमाणसं छपरावर. फुटकी कौलं बदलायची, पडवीला झावळ्यांची झापं बांधायची, लाकूडफाटा कोरड्यात रचायचा. रोहिणी लागल्या की धूळवाफेला, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भात पेरायचं. बंदरात होड्या वर ओढलेल्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, कारण हा माशांच्या विणीचा काळ. दोन महिने समुद्राकडून काही येणार नाही, हे धरूनच खर्चाचा हिशेब बसवायचा.

पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा मृगही लागला नव्हता. पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. मग 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. 2005 चा पूर पाहिलेली माणसंही अंदाज चुकून अडकली. भरलेल्या डब्यांसकट घरं पाण्यात गेली.

तेव्हापासून जुन्या यादीत नव्या वस्तू आल्या. सातबारा, रेशनकार्ड, मुलांचे दाखले प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर. काडेपेटी आणि मेणबत्त्या घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि घरातल्या पोरासोरांनाही पाठ असलेली एक गोष्ट: पाणी पायरीला लागलं की आजीला घेऊन कोणाच्या माडीवर जायचं. माझ्या मते आगोटीतलं हेच सगळ्यात अवघड काम. ते आधी बोलावं लागतं, सगळ्यांसमोर, म्हातारीच्या तोंडावर. आणि ती म्हणते, "मी नाय येणार घर सोडून." मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायचं.

नैर्ऋत्येला आभाळ काळवंडलंय. वारा फिरला. अंगणात अजून दोन सुपं आमसुलं ओलीच आहेत. आतून हाक येते, "आत घ्या गो ती!"