फिकट गुलाबी

(दृश्य: ब्युरेटची तोटी, जवळून. एक थेंब. आवाज फक्त एक्झॉस्ट पंख्याचा.)

हे हात तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेतले आहेत. डावा तोटीवर, उजवा फ्लास्कच्या मानेवर. खाली पांढरी टाइल. थेंब पडतो तिथे गुलाबी उमटतं, फ्लास्क फिरवला की जातं. पुन्हा थेंब, पुन्हा गुलाबी, पुन्हा गेलं.

बारावी सायन्स केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. टायट्रेशन: ब्युरेट या खुणांच्या काचनळीतून थेंब सोडत, फ्लास्कमध्ये आम्ल किती ते रंग बदलेपर्यंत मोजायचं. फिनॉल्फ्थॅलिन, रंगहीन ते गुलाबी. बारावीला आपण घाईत असतो. फ्लास्क कोकम सरबतासारखा झाला तरी 'आला, आला' म्हणत जर्नलमध्ये आकडा टाकून मोकळे होतो. इथे तसं चालत नाही. इथे हवा असतो तो दिसेल-न दिसेल इतका फिकट गुलाबी, आणि तो अर्धा मिनिट टिकायला हवा. एक थेंब जास्त गेला, रंग गडद झाला, की रीडिंग बाद. फ्लास्क धुवा, पहिल्यापासून करा.

हे हात ज्यांचे, त्या ताईंनी अट घातली होती: नाव नको, चेहरा नको, कंपनीचा बोर्ड तर नकोच. म्हणून हातच बघायचे आहेत.

(दृश्य: ठाणे स्टेशन, ट्रान्सहार्बरचा फलाट. फुगे फुगवायचा पंप, गुलाबी फ्लेक्स.)

मी इथवर कशी आले, ते सांगते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमाचं शूटिंग मिळालं. 11 फेब्रुवारी हा विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस. संयुक्त राष्ट्रांनी तो 2015 च्या डिसेंबरात ठरवला. निमित्त चांगलंच होतं. मी पोचले तर गेटपासून सभागृहापर्यंत सगळं गुलाबी. फ्लेक्स, फुगे, कापायची फीत, स्वयंसेवक मुलींचे कुर्ते. पहिलं सत्र: 'स्वयंपाकघर, तुमची पहिली प्रयोगशाळा'. दुसरं: घरच्या घरी लिप बाम.

मधमाशीचं मेण, खोबरेल तेल, रंगासाठी बिटाचा रस. मेण वितळलं, तेल मिसळलं, आणि बिटाचा रस काही केल्या त्यात जाईना. लाल टिपके होऊन तळाशी बसायचा. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. "मॅडम, हे मिसळत का नाही?" मॅडम म्हणाल्या, "अगं ढवळत राहा, होईल."

होणार नव्हतं. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा, समोर तेल. त्या एका प्रश्नावर तास निघाला असता. साबण मळ कसा काढतो, मेयोनीजमध्ये अंडं का लागतं, आपल्या पेशीचं आवरण कशाचं असतं, सगळं त्याच वाटेवर आहे. दिवसभरात विचारला गेलेला विज्ञानाचा प्रश्न तेवढा एकच होता. पण पुढचं सत्र 'आकर्षक पॅकिंग' स्पर्धेचं होतं, वेळ कमी होता. मागच्या मैदानात मुलगे पाण्याच्या दाबावर बाटलीची रॉकेटं उडवत होते. त्यांच्यासाठी काही खास दिवस नव्हता, नेहमीचाच तास होता.

मी सगळं शूट केलं. तीन मिनिटांचा व्हिडिओ कापला, मागे बासरी लावली, चेक घेतला.

(दृश्य: एडिटिंगचा पडदा, तीच फ्रेम मागे-पुढे.)

त्याच व्हिडिओसाठी कर्करोगावर काम करणाऱ्या एका संशोधक बाईंची मुलाखत घेतली होती. रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रण, आजही माझ्याकडे आहेत. अकरा मिनिटं त्या बोलतायत. पेशी मरायचं कसं विसरते, हे टेबलावरच्या पेनाच्या टोपणांनी समजावून सांगतायत. हात उडतायत, एक टोपण खाली पडतं, त्या वाकून उचलतात, वाक्य तुटत नाही. मग कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो: "आणि मॅडम, घर आणि संशोधन, ही तारेवरची कसरत कशी साधता?"

टोपणं टेबलावर ठेवली जातात. हात मांडीवर येतात. "घरच्यांचा खूप सपोर्ट आहे," त्या म्हणतात. त्यानंतरचं फुटेज निर्जीव आहे. आणि मी व्हिडिओत घेतला तो हाच तुकडा. अकरा मिनिटं कचऱ्यात.

हा प्रश्न मी पुरुष शास्त्रज्ञाला कधी विचारला नाही, हे उघडच आहे. मला जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या मते मी त्यांचं कौतुक करत होते.

(दृश्य: काळा पडदा. फक्त आवाज.)

या बाबतीत आपण एकटे नाही. 2012 च्या जूनमध्ये युरोपियन कमिशनने मुलींना विज्ञानाकडे वळवण्यासाठी एक छोटा व्हिडिओ काढला. उंच टाचा, गॉगल, उधळलेली पावडर, 'सायन्स' या इंग्रजी शब्दातल्या 'आय'च्या जागी लिपस्टिक. पांढऱ्या कोटातला पुरुष मायक्रोस्कोपवरून मान वर करून मुलींकडे बघतो. खऱ्या शास्त्रज्ञ बायकांनी असे काही वाभाडे काढले की काही दिवसांतच तो खाली उतरवावा लागला. 2015 मध्ये आयबीएमने स्त्रियांना तंत्रज्ञानाकडे बोलावलं ते हेअर ड्रायर हाती देऊन: याचं काहीतरी नवं करून दाखवा. टीका झाली, माफी मागितली. ब्रिटनमधल्या ईडीएफ या वीज कंपनीने त्याच वर्षी किशोरवयीन मुलींसाठी मोहीम काढली. तिच्या नावातच 'प्रिटी' होतं. स्पर्धा मात्र सगळ्यांना खुली ठेवावी लागली, आणि पहिलं बक्षीस गेलं एका 13 वर्षांच्या मुलाला. हसू येतं, पण त्या पोराचा काय दोष?

यात नुसता रुचीचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं. 2012 मध्येच मिशिगन विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. सहावी-सातवीच्या मुलींना विज्ञानात हुशार असलेल्या कॉलेजकन्यांची ओळख वाचायला दिली. काहींना मेकअप केलेली, गुलाबी कपड्यांतली, फॅशनची मासिकं वाचणारी. काहींना चष्मा लावणारी, साध्या गडद कपड्यांतली. पहिली वाचल्यावर मुलींचा गणितातला रस कमी झाला, स्वतःवरचा भरवसाही. ज्यांना आधीच विज्ञान आवडत नव्हतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांना तर ही दोन्हींत अव्वल मुलगी सर्वांत अशक्य वाटली. एक डोंगर चढवत नव्हता, तर आपण दुसरा आणून ठेवला.

(दृश्य: मोबाइलवरची जुनी बातमी. साड्या, गजरे, टाळ्या.)

आपल्याकडे मात्र गुलाबीपेक्षा गजरा चालतो. 24 सप्टेंबर 2014, मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं. बंगळुरूत इस्रोमध्ये रेशमी साड्यांतल्या, केसांत फुलं माळलेल्या बायका हसत एकमेकींना मिठ्या मारतायत, असा एक फोटो जगभर फिरला. आपणही फिरवला. 'साडीतल्या रॉकेट शास्त्रज्ञ' म्हणून ऊर भरून आला. नंतर इस्रोने खुलासा केला की फोटोतल्या बायका प्रशासकीय कर्मचारी होत्या. मोहिमेत शास्त्रज्ञ बायका खरोखर होत्या. रितू करिधाल होत्या, नंदिनी हरिनाथ होत्या. पण त्या तेव्हा नियंत्रण कक्षात, पडद्यासमोर. आपण शोधत होतो गजरा, सापडला तोही गजराच.

नवरात्रातल्या नवदुर्गा पुरवण्या बघा, 8 मार्चचे सत्कार बघा. 'पहाटे चारला उठून डबे करून लॅबला जाणाऱ्या...' इथपासून ओळख सुरू होते. शोध काय लावला ते शेवटच्या दोन ओळींत, जागा उरली तर.

(दृश्य: लोकलच्या खिडकीतून. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. लेडीज डब्यात मांडीवर उघडं जर्नल.)

मुलींना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून एवढं सगळं. ही गाडी सकाळी आठला बघा. गोडी कुणाला लावायची आहे? 2021-22 च्या सरकारी सर्वेक्षणात देशभर विज्ञान शाखेत पदवीपासून पीएचडीपर्यंत 57.2 लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली 29.8 लाख, मुलगे 27.4 लाख. मुली जास्त आहेत! आणि प्रत्यक्ष संशोधनाच्या कामात? पाच जणांत एक बाईही भरत नाही.

मधल्या मधे या जातात कुठे, त्याचं एक उत्तर याच रुळांच्या बाजूला आहे. पावणे, खैरणे, तुर्भे. केमिकल आणि औषधांच्या कंपन्यांत एमएस्सी झालेली मुलगी आणि एमएस्सी झालेला मुलगा एकाच दिवशी इंटरव्ह्यूला येतात. तो प्रॉडक्शनला लागतो, ती क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये. ताईंना त्यांच्या पहिल्या इंटरव्ह्यूत सांगितलं होतं, मुलींना क्यूसीच बरं. स्वच्छ काम, बसून काम, आणि मुली नीटनेटक्या असतात, हात स्थिर असतो. स्तुतीच होती. बसून काम म्हणाल तर मी दिवसभर तिथे होते, त्यांना डबा खातानाच बसलेलं पाहिलं.

प्लांटवर न पाठवण्याला कायद्याचाही टेकू होता. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 66व्या कलमाने बायकांची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 अशी आखली होती. रिअ‍ॅक्टर काही सात वाजता थांबत नाही, त्यामुळे शिफ्ट करणारा तोच प्लांट शिकणार, आणि प्लांट शिकलेलाच पुढे मॅनेजर होणार. अटी घालून ते कलम पुढे सैल झालं. 'क्यूसीच बरं' मात्र अजून तसंच आहे.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र.)

28 फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन करतो, सी. व्ही. रामन यांच्या 1928 च्या शोधाची आठवण म्हणून. 2020 च्या विज्ञान दिनाचा विषय होता 'विज्ञानातील महिला'. विषय ठरवणाऱ्यांना कमला भागवत आठवल्या असतील का, कोण जाणे. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण, मुंबई विद्यापीठाची बीएस्सी. 1933 मध्ये तिने बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक रामन. मुलगी म्हणून नकार दिला. ती थेट जाऊन उभी राहिली. मग प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष प्रोबेशनचं, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. आज लिपस्टिक लावून बोलावतात, तेव्हा लक्ष विचलित होतं म्हणून अडवत होते. मला दोन्हींत फार अंतर दिसत नाही. दोन्हीकडे आधी बघतात ती बाई. कमलाबाईंनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनाला लागणारं प्रथिन असतं, हे बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं. सोहोनी हे त्यांचं पुढचं आडनाव.

(दृश्य: वाशी. झाडी, दुमजली इमारत, पाळणाघराच्या दारात छोट्या चपला.)

वाशीला मी अजून एका कारणासाठी गेले. इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनचं मुख्यालय इथे आहे. 1973 मध्ये मुंबईतल्या काही शास्त्रज्ञ बायकांनी ही संस्था काढली. पुढाकार कमल रणदिवे यांचा. 1917 चा पुण्यातला जन्म, वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली, उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर काम केलं. 1982 मध्ये पद्मभूषण. परळचं ते रोपटं वाढत वाढत 2002 मध्ये खारघरला आलं. डोंगराच्या पायथ्याशी दिसतं ते अ‍ॅक्ट्रेक, टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र.

मुलींनी विज्ञानात टिकावं म्हणून या बायकांनी वाशीत काय बांधलं? नोकरदार बायकांसाठी आणि शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह. पाळणाघर. बालवाडी. व्याख्यानं, कार्यशाळाही घेतात, पण मला आवडल्या त्या चपला. इथे मुलीला विज्ञान आवडतं हे गृहीत आहे. रात्री राहायचं कुठे आणि पोराला ठेवायचं कुठे, एवढंच विचारलंय. पाळणाघर बायकांच्याच संस्थेला का बांधावं लागलं, हा माझा प्रश्न उरतो. पण ज्यांनी बांधलं त्यांना तो विचारणं बरोबर नाही.

(दृश्य: पुन्हा ब्युरेट. दुपार उलटलेली.)

तिसरं टायट्रेशन चाललंय. पहिली दोन्ही रीडिंग 18.6. तिसरंही तेवढंच आलं तर सीबीआर, म्हणजे न बदलणारं ब्युरेट रीडिंग, लागली, बॅच सुटली.

थांबलेल्या वेळात मी ताईंना लिप बामची गोष्ट सांगितली. फुगे, फीत, बीट, तिसऱ्या रांगेतली ती मुलगी. मला वाटलं, हसतील. त्यांनी तोटीवरचा हात काढला नाही, मानही वर केली नाही.

"बीट कशाला घेतलं? रतनजोतीची मुळी घ्यायची. तिचा रंग तेलातच उतरतो." एक थेंब. "आणि त्या मुलीला सांगायचं, दोन्ही करून बघ आणि मला येऊन सांग."

अजून एक थेंब. गुलाबी आलं, फ्लास्क फिरला, गेलं.

"टेबलाला टेकू नका हो. ब्युरेट हलतं."