काउंटरमागचा विन बेकर

श्रोतेहो, नमस्कार. आज तुम्हाला एका कॉफीच्या दुकानात न्यायचंय. दुकान अमेरिकेतलं, ऱ्होड आयलंड राज्यातल्या नॉर्थ किंग्सटाउनमधलं. पण तिथं जाण्याआधी माणसाची ओळख करून देतो.

विन बेकर. अमेरिकेतला बास्केटबॉलपटू, उंची 6 फूट 11 इंच. हार्टफर्डसारख्या छोट्या विद्यापीठातून आलेला हा मुलगा 1993 मध्ये एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमधल्या मिलवॉकी बक्स संघानं घेतला, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत आठव्या क्रमांकावर. लहान ठिकाणी खेळणाऱ्या मुलांकडे कुणीतरी मुद्दाम जाऊन पाहावं लागतं, बरं का. आपल्याकडेही निवड चाचण्या तालुक्याच्या गावी व्हायला हव्यात, हे मी कधीपासून म्हणतोय. असो. बेकर ओळीनं चार वर्षं ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. 1997 मध्ये तो सिएटल सुपरसॉनिक्स संघाकडे गेला आणि 2000 मध्ये सिडनी ऑलिम्पिकचं सुवर्णपदक त्याच्या गळ्यात पडलं.

आणि पैसा? 1999 मध्ये सिएटलशी सात वर्षांचा करार झाला, 8 कोटी 60 लाख डॉलरचा. साऱ्या कारकिर्दीची कमाई जवळपास 10 कोटी डॉलर. परत सांगतो, जवळपास 10 कोटी डॉलर.

मग दारू लागली. पुढच्या संघाकडे, बॉस्टन सेल्टिक्सकडे असताना सरावाला आला तेव्हा प्रशिक्षकांना वास आला. निलंबन झालं, 2004 मध्ये सेल्टिक्सनं करारच मोडला. पुढं त्याचं उपाहारगृह बुडालं, घर कर्जापायी गेलं. हे कसं होतं ते घर चालवणाऱ्यांना मी काय सांगायचं? आवक आटली, खर्च तसाच राहिला, आणि हिशेब बघणारा माणूस शुद्धीवर नव्हता.

2011 मध्ये बेकरनं दारू सोडली. आता चला दुकानात.

साल 2015. दुकान स्टारबक्सचं, मुंबई-पुण्यात आता जागोजागी दिसतं तेच. काउंटरमागं बेकर. वय 43, घरी चार मुलं. दुकानाचा व्यवस्थापक होण्यासाठी तो तिथं काम शिकत होता. कॉफी करणं, गिऱ्हाइकाला हवं नको बघणं, सगळं पहिल्यापासून. जरा डोळ्यांसमोर आणा. दारातून आत यायलाच ज्याला वाकावं लागेल असा हा माणूस. ज्या पंजात बास्केटबॉल संत्र्यासारखा मावायचा, त्या पंजात कागदी पेला.

आणि ही नोकरी कुणामुळे मिळाली? स्टारबक्सचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांच्यामुळे. हेच शुल्ट्झ पूर्वी सिएटल संघाचे मालक होते, बेकर तिथं खेळत असतानाच. म्हणजे लक्षात घ्या, ज्या मालकानं एकेकाळी त्याला लाखो डॉलरचा पगार दिला, त्याच मालकाच्या दुकानात तो पेले भरत होता.

मला हा प्रसंग फार भिडतो. वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा बेकर तोंड लपवून बसला नाही. मोकळेपणानं बोलला. मी बाप आहे, वडिलांच्या चर्चमध्ये धर्मसेवा करतो, आता तुकडे गोळा करून उभं राहायचंय, अशा अर्थाचं तो म्हणाला. चार मुलांचा बाप सकाळी उठून कामावर जातो, यात खाली मान घालण्यासारखं काय आहे? काहींनी त्याची कीव केली. मला ते पटत नाही. आणि काउंटरपलीकडच्या माणसाकडे न बघता, फोन कानाला लावूनच आपण काय हवं ते सांगतो, तेही मला पटत नाही. त्याला आधी नमस्कार करावा, दोन शब्द बोलावेत.

पुढचं थोडक्यात सांगतो. 2018 मध्ये मिलवॉकी बक्सनं बेकरला परत बोलावलं, सहायक प्रशिक्षक म्हणून. जिथून सुरुवात झाली, तोच संघ. या संघानं त्याआधी विजेतेपद मिळवलं होतं ते 1971 मध्ये, म्हणजे बेकरच्या जन्माच्या वर्षी. आणि 2021 च्या जुलैमध्ये फिनिक्स सन्सला हरवून बक्स पुन्हा विजेते ठरले, तेव्हा संघाच्या बाकावर विन बेकर होता.

नमस्कार.