सेगाची पत आणि ड्रीमकास्ट

[दृश्य: जुन्या टीव्हीचा पडदा. चित्र हळूहळू उजळतं.]

१९९८ सालची एक जपानी जाहिरात. शाळकरी पोरं आपसांत बोलतायत. सेगा एकदम टुकार, चल, घरी जाऊन प्लेस्टेशन खेळू. हे बोलणं सुटाबुटातल्या एका गृहस्थाच्या कानावर पडतं आणि त्यांचा चेहरा उतरतो.

या जाहिरातीचे पैसे खुद्द सेगानं, म्हणजे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्याच जपानी कंपनीनं, मोजले होते. आणि ते गृहस्थ म्हणजे हिदेकाझू युकावा, सेगाचे खरेखुरे संचालक.

पोरं आपल्याला नावं ठेवतात, हे कंपनीनं आपल्याच संचालकाला उभं करून देशभर सांगावं, याला धाडस लागतं. नवं कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आणायच्या आधी झालं-गेलं कबूल करून टाकू, असा त्यामागचा विचार असावा. ते नवं कन्सोल म्हणजे ड्रीमकास्ट. २७ नोव्हेंबर १९९८ ला ते जपानच्या दुकानांत आलं आणि ३१ जानेवारी २००१ ला सेगानं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. मधला काळ जेमतेम सव्वादोन वर्षांचा.

जगभरात ड्रीमकास्ट विकले गेले सुमारे ९१ लाख. ज्याच्याशी त्याची गाठ पडली, त्या सोनीच्या प्लेस्टेशन २ चा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला.

[दृश्य: टेबलावर पांढरं ड्रीमकास्ट. दोन हात कंट्रोलर उचलतात.]

आकडे ऐकून वाटतं, यंत्रातच काहीतरी खोट असणार. म्हणून आधी ते हातात घेऊन बघू.

कंट्रोलरच्या पोटात एक खाच आहे. तिच्यात काड्यापेटीहून थोडं मोठं असं एक मेमरी कार्ड बसतं. आपला खेळ कुठवर आला ते यात साठवायचं. पण या कार्डाला स्वतःचा इवलासा पडदा आहे, बटणं आहेत, आत घड्याळात घालतात तसले दोन सेल आहेत. काढून खिशात टाकलं की तो वेगळा छोटा खेळ होतो. अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये तर पुढची चाल या पडद्यावर निवडता यायची. शेजारी सोफ्यावर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला टीव्हीकडे बघून काही कळायचं नाही. पत्ते छातीशी धरून खेळतात ना, अगदी तसं.

मागच्या बाजूला टेलिफोनची वायर लावायची जागा आहे. १९९८ सालच्या कन्सोलमध्ये मोडेम! घरचा फोन अडवून ठेवून का होईना, पण जगाशी जोडणारा. २००० च्या डिसेंबरात जपानमध्ये 'फँटसी स्टार ऑनलाइन' हा गेम आला. त्यात तयार वाक्यं निवडून बोलायची सोय होती, आणि आपण निवडलेलं वाक्य समोरच्याला त्याच्या भाषेत दिसायचं. जपानी आणि अमेरिकन खेळाडू एकमेकांची भाषा न येता खांद्याला खांदा लावून लढत होते. मला आजही हे विलक्षण वाटतं.

तर यंत्रात खोट नव्हती. मग नडलं कुठे? त्यासाठी चार वर्षं मागे जावं लागतं.

[दृश्य: काळा मेगा ड्राइव्ह. कॅसेट आत जाते.]

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सेगा जोरात होती. अमेरिकेत जेनेसिस या नावानं विकल्या जाणाऱ्या मेगा ड्राइव्ह या तिच्या कन्सोलनं निन्टेन्डो या प्रतिस्पर्धी कंपनीच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. १९९१ मध्ये सोनिक आला, तो सुसाट धावणारा निळा साळू, आणि निन्टेन्डोच्या मारिओला पहिल्यांदाच तोलामोलाचा गडी भेटला.

आपल्याकडे या लढाईचा पुसट आवाज तेवढा आला. मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेस या कंपनीनं भारतात आणला होता, पण आपल्या बहुतेकांच्या घरी 'व्हिडिओ गेम' होता तो निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राची नक्कल. पिवळी कॅसेट, चालली नाही की तिच्यात मारलेली फुंकर, आणि परीक्षा संपेपर्यंत कपाटावर ठेवलेला डबा. सोनिक आणि मारिओत भांडण आहे, हेच आपल्याला ठाऊक नव्हतं.

मग १९९४ चा नोव्हेंबर उजाडला. अमेरिकेत सेगानं १५९ डॉलरला ३२एक्स नावाचं जोडयंत्र काढलं. जुन्या जेनेसिसच्या डोक्यावर बसवायचं, की त्याची ताकद वाढते. त्याच महिन्यात जपानमध्ये सेगानं संपूर्ण नवं कन्सोल आणलं, सॅटर्न. ज्या पोरानं हट्ट करून ३२एक्स घ्यायला लावलं, त्याला लवकरच कळलं की कंपनीचं मन दुसरीकडेच गुंतलंय. ३२एक्ससाठी जेमतेम चाळीसेक गेम निघाले आणि ते गुंडाळलं गेलं. शेवटी शेवटी दुकानदार ते वीस डॉलरच्या आत देऊन टाकत होते.

त्या पोराच्या वडिलांनी पुढच्या वेळी सेगाचा खोका बघून काय म्हटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

[दृश्य: लॉस एंजेलिस. मोठं सभागृह, व्यासपीठावर दिव्याचा झोत.]

११ मे १९९५. ई-थ्री हे व्यापारी प्रदर्शन पहिल्यांदाच भरतंय. सेगाच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्की व्यासपीठावर आहेत. सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबरला येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. दुकानदारांची तयारी त्या तारखेची, गेम बनवणाऱ्यांची कामं त्या तारखेची. कालिन्स्की सांगतात, सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर, आणि ते आजपासूनच दुकानांत मिळतंय.

जपानमधल्या वरिष्ठांचा तसा हुकूम होता. सोनीच्या आधी बाजारात पाय रोवायचा.

पण माल होता मोजकाच, म्हणून तो फक्त चार दुकानसाखळ्यांना दिला गेला. वॉलमार्ट, बेस्ट बाय, केबी टॉइज यांना या घोषणेचा पत्ताच नव्हता. केबी टॉइजनं तर सॅटर्न ठेवणारच नाही असं सांगून टाकलं. गेम बनवणारे सप्टेंबरच्या हिशेबानं काम करत होते, त्यामुळे फळीवर नवीन गेमही मूठभरच.

त्याच दिवशी सोनीची पाळी आली. स्टीव्ह रेस नावाचे अधिकारी माइकपाशी गेले. त्यांनी एकच आकडा उच्चारला: "२९९." आणि खाली उतरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

शंभर डॉलरच्या फरकाची ही गोष्ट पुष्कळ सांगितली जाते. किंमत नंतर कमी करता येते, सेगानं ती केलीही. पण दुखावलेला दुकानदार तितक्या लवकर परत येत नाही, आणि माझ्या मते खरा घाव तो होता.

सॅटर्नच्या आतली रचनाही गेम बनवणाऱ्यांना घाम फोडणारी होती. त्यात दोन मुख्य प्रोसेसर होते, पण दोघांची मेमरीकडे जाणारी वाट एकच. एका हौदावर दोन तहानलेले बैल बांधावेत आणि तोंड घालायला एका वेळी एकालाच जागा असावी, तशातली गत. शिवाय बाकीचे जिथे त्रिकोण जोडून त्रिमितीय आकृत्या उभ्या करत, तिथे सॅटर्न चौकोन वापरायचं. म्हणजे दुसऱ्या यंत्रासाठी केलेलं काम इथे जसंच्या तसं चालायचं नाही. जपानमध्ये सॅटर्न बऱ्यापैकी चाललं, अमेरिकेत ते उठलंच नाही. १९९७ मध्ये सेगा अमेरिकेचे बर्नी स्टोलर यांनी तर जाहीरपणे सांगितलं की सॅटर्न हे आमचं भविष्य नाही. ज्यांनी नुकतंच सॅटर्न घेतलं होतं, त्यांनीही ते ऐकलं.

यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: पत. कन्सोल विकत घेणारा आजचं यंत्र घेतो, पण पैसे मोजतो ते पुढची पाच वर्षं त्यावर चांगले गेम येत राहतील या भरवशावर. दुकानदार फळीवरची जागा त्याच भरवशावर देतो. गेम बनवणारी कंपनी दोन-दोन वर्षं माणसं कामाला लावते, तीही त्याच भरवशावर. या तिघांपैकी एकाचा जरी विश्वास डळमळला तरी बाकीचे दोघे बिचकतात. कन्सोल बरेचदा तोट्यात विकलं जातं आणि कमाई होते ती गेमवर. गिऱ्हाईक थांबलं की गेम थांबतात, गेम थांबले की गिऱ्हाईक आणखी लांब जातं.

[दृश्य: अमेरिकेतलं दुकान, रात्रीची रांग. कागदावर तारीख: ९-९-९९.]

ड्रीमकास्टला ही पत परत मिळवायची होती. जपानमध्ये सुरुवातच अडखळत झाली. चित्रं काढणारी चिप एनईसी ही कंपनी पुरेशी बनवू शकली नाही, आणि पहिल्या दिवशी सोनिकचा गेमही तयार नव्हता. पण अमेरिकेत सेगानं सगळं नीट जुळवून आणलं. ९ सप्टेंबर १९९९, किंमत १९९ डॉलर, पहिल्याच दिवशी १८ गेम. चोवीस तासांत सव्वादोन लाख कन्सोल विकली गेली. काही काळ वाटलं की जमलं.

एक मोठी फळी मात्र रिकामीच होती. खेळांच्या गेममध्ये अमेरिकेतली सगळ्यात दांडगी कंपनी म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. तिनं ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. स्टोलर यांच्या सांगण्यानुसार या कंपनीला ड्रीमकास्टवर क्रीडागेमची मक्तेदारी हवी होती, आणि सेगानं तर व्हिज्युअल कन्सेप्ट्स ही क्रीडागेम करणारी कंपनी नुकतीच विकत घेतली होती. सेगाचा स्वतःचा फुटबॉल गेम उत्तम होता. पण वर्षानुवर्षं एकाच नावाचा गेम घेणाऱ्या माणसाला ते नाव दिसलं नाही की तो दुकानाबाहेर पडतो.

आणि समोर सोनी होती. ड्रीमकास्ट अमेरिकेत पोचायच्या सहा महिने आधी, मार्च १९९९ मध्येच, सोनीनं पुढच्या प्लेस्टेशनची झलक टोकियोत दाखवून ठेवली होती. त्यात डीव्हीडी लागणार होती, सिनेमे बघता येणार होते. त्या वेळी डीव्हीडी प्लेअर वेगळा घ्यायचा तर चांगलाच महाग पडायचा, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही पटवायला कारण मिळालं. याहून मोठी गोष्ट अशी की जुन्या प्लेस्टेशनचे गेम नव्या यंत्रात चालणार होते. सोनीच्या गिऱ्हाइकाची जुनी पुंजी वाया जाणार नव्हती. सेगाच्या निष्ठावंताकडे मेगा ड्राइव्हच्या कॅसेट होत्या, ३२एक्स होतं, सॅटर्नच्या डिस्क होत्या. त्यातलं काहीही ड्रीमकास्टमध्ये चालत नव्हतं.

ऑक्टोबर २००० मध्ये प्लेस्टेशन २ अमेरिकेत आलं, २९९ डॉलरला, आणि मालाची टंचाई पडली. दहा लाख येणार होती, आली पाच लाख. ड्रीमकास्ट तोवर १४९ डॉलरवर उतरलं होतं. निम्मी किंमत, हवं तेव्हा हजर, गेमची रेलचेल. तरीही लोक हात हलवत घरी परतले आणि प्लेस्टेशन २ ची वाट बघत बसले. या सगळ्या इतिहासातलं हे एकच दृश्य मला राहून राहून आठवतं.

बनावट डिस्कचा दोषही दिला जातो. ड्रीमकास्टच्या डिस्कवर एक जीबीच्या आसपास मजकूर मावायचा, साध्या सीडीवर तो उतरवता येत नसे. पण गाण्यांच्या सीडीसोबत जादा चित्रं दाखवण्यासाठी ठेवलेल्या एका सोयीतून २००० साली चोरवाट सापडली, आणि कन्सोलला हात न लावता नकली गेम चालू लागले. नुकसान झालंच. मात्र जुन्या प्लेस्टेशनचे नकली गेम काय कमी निघाले होते? तरी ते तगलं. तेव्हा सगळं खापर यावर फोडणं मला पटत नाही.

तिजोरीत पैसा असता तर कदाचित निभावलं असतं. पुढे निन्टेन्डोवरही अशी वेळ आली. तिचं वी हे कन्सोल १० कोटींवर खपल्यावर २०१२ मध्ये वी यू हे नवं कन्सोल आलं, आणि नावामुळे अनेकांना ते जुन्या वीचंच जोडयंत्र वाटलं. विक्री १ कोटी ३५ लाखांवर थांबली. पण निन्टेन्डोकडे शिल्लक होती, तिनं दम खाऊन स्विच हे पुढचं कन्सोल काढलं. सेगाकडे दम खायला काही उरलंच नव्हतं.

[दृश्य: रिकामं बैठकीचं टेबल, मागे सरकवलेल्या खुर्च्या.]

सप्टेंबर २०००, जपान. सेगा अमेरिकेचे पीटर मूर आणि चार्ल्स बेलफिल्ड यांनी जपानी अधिकाऱ्यांसमोर आणि गेम बनवणाऱ्या स्टुडिओंच्या प्रमुखांसमोर स्पष्ट सांगितलं की कन्सोलचा धंदा आता सोडावा. स्टुडिओंचे प्रमुख उठले आणि खोलीबाहेर निघून गेले. मला त्यांचा राग समजतो. आपल्या हातातली यंत्रं, आपणच त्यांच्यासाठी घडवलेले खेळ.

चारच महिन्यांनी तेच करावं लागलं.

त्या वेळी सेगाचे अध्यक्ष होते इसाओ ओकावा. १९९९ मध्ये त्यांनी सेगाला ५० कोटी डॉलर उसने दिले होते. कन्सोलमधून बाहेर पडावं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं, तरी पैसे दिले. २००१ च्या सुरुवातीला, आजारी असताना, त्यांनी ते कर्ज माफ केलं आणि आपले समभागही सेगाला देऊन टाकले.  मार्चमध्ये ते गेले. कंपनी जगली ती या देण्यामुळे. त्याच वर्षी डिसेंबरात सोनिक धावला तो निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर.

[दृश्य: दुकानाची फळी. किमतीच्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी चिकटवली जाते.]

उरलेला माल संपवायचा होता. २००१ च्या वसंतात गोदामांत लाखो ड्रीमकास्ट पडून होती. किंमत ९९ डॉलर झाली. मग ७९. शेवटी ४९ डॉलर ९५ सेंट. तेच यंत्र, तोच कंट्रोलर, तेच इवल्या पडद्याचं कार्ड. पुढच्या पाच वर्षांचा शब्द त्या किमतीत धरलेला नव्हता, आणि कुणी तो मागितलाही नाही. लोकांनी फळ्या रिकाम्या केल्या.