घटक आहे, पण मोकळा आहे का?

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके असतात. तरीही यकृताच्या पेशीत जी जनुके अखंड काम करतात, त्यांतली कित्येक चेतापेशीत स्वस्थ पडून राहतात. कोणते जनुक कधी चालू व्हावे, हे ठरवण्यात डीएनएच्या ठरावीक जागी जाऊन बसणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा असतो. त्यांना प्रतिलेखन घटक म्हणतात आणि माणसात ते सुमारे १,६०० आहेत. मात्र असा घटक पेशीत आहे म्हणजे त्याचे काम चालूच आहे, असे समजू नये. दुसरे कोणते प्रथिन त्याला चिकटले आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

१९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलेला एनएफ-कप्पा-बी हा घटक एरवी आय-कप्पा-बी या प्रथिनाच्या पकडीत, केंद्रकाबाहेर अडकलेला असतो. जंतुसंसर्गाची वर्दी मिळाली की आय-कप्पा-बी नष्ट केले जाते आणि मोकळा झालेला घटक काही मिनिटांत केंद्रकात शिरून दाहाची जनुके चालू करतो.

पी-५३ चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. डीएनएला इजा झाल्यावर पेशीचे विभाजन थांबवणारी, प्रसंगी तिला मरणाकडे नेणारी जनुके हा घटक चालू करतो. निरोगी पेशीत एमडीएम-२ नावाचे प्रथिन त्याला धरून असते. त्या प्रथिनावर एक खोलगट खाच असते आणि पी-५३ च्या सुरुवातीच्या टोकाकडील फेनिलअ‍ॅलॅनिन, ट्रिप्टोफॅन व ल्युसिन ही तीन अमिनो आम्ले तिच्यात घट्ट बसतात. जनुक चालू करणाऱ्या यंत्रणेशी जोडून घेण्यासाठी नेमके तेच टोक लागत असल्याने, ते झाकले गेले की पी-५३ निष्प्रभ होतो. शिवाय एमडीएम-२ त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण करून त्याची विल्हेवाटही लावते. डीएनए तुटल्यावर त्या टोकाला फॉस्फेट जोडले जातात, पकड सैल होते आणि पी-५३ साचू लागतो. गंमत अशी, की तो चालू करत असलेल्या जनुकांत एमडीएम-२ चे जनुकही असते. आपला लगाम तो आपणच तयार करवून घेतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, या विषाणूच्या १६ व १८ या प्रकारांचे ई-६ प्रथिन, पेशीतल्याच ई-६-एपी या प्रथिनाला हाताशी धरून पी-५३ ला गाठते आणि त्याचा नाश घडवते. प्रथिनच नष्ट होत असल्याने जनुकात बिघाड व्हावा लागत नाही, म्हणूनच या कर्करोगात पी-५३ चे जनुक बहुधा शाबूत सापडते. केवळ जनुक तपासणाऱ्याला सारे आलबेल दिसेल. आपल्या पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची, २०२२ साली मान्यता मिळालेली सर्वाव्हॅक ही लस या दोन प्रकारांविरुद्धही संरक्षण देते. ती ई-६ ला रोखत नाही. विषाणूच्या कवचातील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करून ती संसर्गच टाळते. त्यामुळे ती ९ ते १४ या वयात, विषाणूशी संबंध येण्यापूर्वी देणे श्रेयस्कर मानले जाते. ज्या पेशीत ई-६ ने आधीच पी-५३ ला गाठले आहे, तिथे या लसीचा उपाय चालत नाही.